काळी पट्टी राहणारच, भाऊ

भाऊ, डिस्क माझ्याकडेच आहे आणि ती मी परत देणार नाही.

हेच मी तुम्हाला फोनवर सांगितलं होतं, तेव्हा तुम्ही फोन ठेवून दिलात. आता तुमच्याजवळ फोन नाही, त्यामुळे पूर्ण ऐकून घ्या.

तुम्हाला जाऊन महिना झाला. तुमच्याबद्दल चांगलं बोलायचं राहिलंय असा माणूस घुग्घुसमध्ये आता सापडणार नाही. विहारात तुमच्या पुण्यानुमोदनाला चार जण बोलले आणि चौघांनीही सांगितलं, की सुखदेवभाऊंनी कधी कुणाचं मन मोडलं नाही. मी सतरंजीवर बसून मान हलवत होते. खरंच आहे ते. माझी तक्रारही नेमकी तीच आहे. गिऱ्हाईक म्हणालं नवरी गोरी दिसू द्या, की तुम्ही नवरी गोरी केली. गिऱ्हाईक म्हणालं नवरदेवाच्या मागे धबधबा पाहिजे, की कोळशाच्या धुळीतल्या मांडवात धबधबा पडायला लागला. तिथवर मी हसून सोडून दिलं. पण गिऱ्हाईक म्हणालं पडदा भरून दिसू द्या, आणि तुम्ही माणसांची डोकी कापलीत. ते मी सोडलं नाही.

वाद होता तरी केवढा? आपला जुना कॅमेरा जवळजवळ चौकोनी चित्र काढायचा, चार बाय तीनचं. त्याच कॅमेऱ्यावर आपण आसपासच्या दोन जिल्ह्यांतली लग्नं आणि खाणीतले निरोप समारंभ उतरवले. मग घराघरांत लांबट टीव्ही आले, सोळा बाय नऊचे, आणि लोक आपली जुनी लग्नं पेनड्राइव्हवर भरून मागायला लागले. चौकोनी चित्र लांबट पडद्यावर लावलं की दोन्ही बाजूंना जागा उरते. रिकामी जागा काळी दिसते. बस, एवढंच.

"लग्नाच्या व्हिडिओले काळी पट्टी?" तुम्ही पहिल्याच दिवशी म्हणालात. "लोकाईले अशुभ वाटते, सुनंदाबाई."

"तुमाले वाटते का?"

"मले काऊन वाटन? मी मानतच नाई तसलं."

"मंग बावीस प्रतिज्ञा पाठ आहेत ना तुमाले? त्यातली कोणती सांगते का काळ्या पट्टीले भ्या म्हणून?"

तुम्ही चष्मा काढून पुसायला घेतलात. उत्तर सुचलं नाही की तुमच्या चष्म्यावर अचानक धूळ बसायची. "मी नाई मानत," पुसता पुसता तुम्ही म्हणालात, "पन गिऱ्हाईक मानते. अन् लगन गिऱ्हाइकाचं आहे, माहं नाई."

आणि तुम्ही चित्र ओढलंत. चौकोनी चित्र दोन्ही बाजूंनी ताणून पडद्याच्या कडांना नेऊन भिडवलंत. पट्टी गेली. नवरीचं तोंड परातीएवढं झालं, मंडपातले बारीक खांब जाड झाले, नवरदेवाची घोडी म्हशीसारखी दिसायला लागली. तुम्ही म्हणालात, लग्नात माणूस जरा भरलेलाच बरा दिसतो. पहिल्या वर्षी कुणी तक्रार केली नाही. लोकांना वाटलं, आपण तेव्हा असेच होतो.

तक्रार घेऊन आली ती एटापल्लीची अंगणवाडीताई. ती बस बदलत बदलत दुपारी आपल्या फोटोच्या दुकानात पोचली होती. तिने पेनड्राइव्ह काउंटरवर ठेवला आणि पाणीसुद्धा न पिता म्हणाली, "हा माहा बा नाई."

तिच्या लग्नाची फाइल होती. तिचे वडील त्यानंतर दोनच वर्षांनी वारले होते. घरात त्यांचा दुसरा फोटो नव्हता, त्यांचं चालतं-बोलतं रूप म्हणजे ही एक फाइल. तुम्ही समजावायला गेलात, "ताई, तुमच्याच लग्नाचं आहे हे. हे पाहा, तुमी बसल्या आहात."

"मी बसली आहो ते दिसते जी मले. पन माहा बा एवढा जाडा नव्हता. रानात हिंडणारा माणूस तो. हा कोन होय?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी फाइल कॉम्प्युटरवर लावली आणि प्लेअर सुरू असताना चित्राचा आकार बदलणारं 'ए' हे बटण दाबलं. एकदा दाबलं, काही फरक नाही. दुसऱ्यांदा दाबलं आणि चित्र दोन्ही बाजूंनी आत आलं. खांब बारीक झाले. म्हातारा हडकुळा झाला, उंच झाला.

ती खुर्चीवरून उठून स्क्रीनजवळ गेली. "हे पाहा कान," ती म्हणाली आणि हसायला लागली. "असेच होते कान. आम्ही चिडवत होतो त्याले."

मला तेवढ्यावर भागत नाही, हे तुम्हाला माहीत होतं. मी मुद्दाम तुमच्यासमोर तिला विचारलं, "पन ताई, बाजूले काळी पट्टी दिसून राह्यली. चालन का तुमाले?"

"पट्टी कोन पाहून राह्यलं जी?" ती म्हणाली.

ती गेल्यावर तुम्ही ती फाइल स्वतः पुन्हा चालवून पाहिलीत. मग म्हणालात, "बरोबर आहे तुमचं. ओढायचं नाई." मी तुमच्यासाठी दोनदा चहा मागवला त्या दिवशी. मला वाटलं, भांडण मिटलं. तुम्ही पंधरा दिवसांत नवीन युक्ती शोधून आणलीत.

ओढायचं नाही, तर कापायचं. चित्र मोठं करायचं, म्हणजे बाजू पडद्याला भिडतात आणि वरचा-खालचा भाग पडद्याबाहेर जातो. तोंडं जाड होत नाहीत, पट्टीही दिसत नाही. कुण्या ठेकेदाराने मुलीच्या सासरच्यांपुढे मोठ्या टीव्हीवर लग्न लावलं होतं. पट्टी पाहून व्याह्यांनी तोंड वाकडं केलं, तो तुमच्याकडे येऊन बडबडून गेला आणि तुमचं मन द्रवलं. तुमचं मन लगेच द्रवायचं, भाऊ. दुकानात येऊन ओरडणाऱ्यासाठी जरा जास्तच.

मी तुम्हाला शांतपणे सांगितलं होतं. बाकी कुणी म्हणेल सुनंदाबाई तोंडाळ आहे, पण त्या दिवशी मी आवाज चढवला नव्हता. म्हटलं, भाऊ, ओढलेलं चित्र परत जागेवर येते. एक बटण दाबलं की म्हाताऱ्याचे कान परत आले की नाही? कापलेलं परत येत नाही. जे फाइलीत नाहीच, ते कोणतं बटण दाबून आणणार? चित्राचा चौथा हिस्सा जातो. अर्धा वरून, अर्धा खालून. वरून कोण जातं, ते पाहिलं का तुम्ही?

नव्हतं पाहिलं. म्हणून मी तुम्हाला ग्रुप फोटोची जागा काढून दाखवली. लग्नात सगळे रांगेने उभे राहतात, तेव्हा मधे खुर्च्यांवर मानाची माणसं बसतात. खाली सतरंजीवर लेकरं. आणि मागे कोण? शेवटी बोलावलेले. खेड्यावरून पायी आलेले. स्वयंपाकातून हात पुसत आलेल्या बायका, विधवा मावशी, वाजंत्रीवाले. खुर्चीवरचा माणूस कसंही कापलं तरी वाचतो. मागच्या रांगेची डोकी जातात.

"त्याईले कोन शोधते एवढं?" तुम्ही म्हणालात.

भाऊ, तुम्ही हे म्हणालात. मी विसरलेले नाही. तुम्ही वाईट मनाने म्हणाला नव्हतात, तुम्हाला उशीर होत होता, ठेकेदाराचा माणूस बाहेर गाडीवर बसला होता. तरी म्हणालात. तुम्ही कोणत्या रांगेत उभे राहून मोठे झालात, ते मी तुम्हाला सांगायला नको होतं. मी सांगितलं. तुम्ही बाहेर निघून गेलात.

मग मी आपल्या सगळ्या लग्नांच्या फाइली असलेली ती डिस्क उघडून पाहिली. अडतीस लग्नं तुम्ही आधीच कापून ठेवली होती आणि जागा होईना म्हणून मूळ फाइली काढून टाकल्या होत्या. टेपांना बुरशी लागली म्हणून त्या आधीच फेकल्या होत्या. अडतीस. मी यादी केली. दुपारी तुम्ही शूटिंगला गेल्यावर डिस्क कॉम्प्युटरपासून काढली, ओढणीत गुंडाळली, पिशवीत टाकली आणि घरी आले. तिला चोरी म्हणायचं तर म्हणा. उरलेल्या सगळ्या लग्नांची डोकी त्या दिवशी माझ्या पिशवीत होती.

त्यानंतर तो फोन. त्यानंतर तीन आठवडे काही नाही.

लोकांना वाटेल, ही बाई भांडणाचंच लिहितेय. तर दुसरंही लिहिते, कारण तेही तितकंच खरं आहे. मी शिवणक्लासची बाई होते. तुमच्या दुकानात पासपोर्ट फोटो काढायला आले होते आणि तुम्ही विचारलंत, "सुईत दोरा ओवते ना तुमी? मंग फोकस बी जमन." बायकांच्या मांडवात पुरुष कॅमेरा घेऊन शिरला की बायका तोंडावर पदर घेतात, सगळ्या लग्नात अर्धी माणसं पदरच दिसतात, हे त्या काळात तुमच्याच लक्षात आलं होतं. तुम्ही मला मोटरसायकलच्या मागे बसवून खेड्यापाड्यांत नेलंत. लोक बोलले. वहिनीला येऊन सांगून गेले. वहिनी म्हणाली, "तिच्या खांद्यावरचा कॅमेरा दिसला नाई का तुमाले?" तुम्ही दोघांनी मला एकदाही त्यावर काही जाणवू दिलं नाही. माझ्या हाताला जे काम आहे ते तुम्ही दिलेलं आहे. म्हणूनच त्या कामातली खोट मला तुमच्याकडून चालत नव्हती.

पहिल्यांदा कॅमेरा हातात दिलात तो दिवस आठवतो? खाणीतल्या एका फोरमनचा निरोप समारंभ होता. मी घाईत कॅमेऱ्याचं 'वाइड' बटण दाबलं. तसं केलं की तो कॅमेरा लांबट चित्र दाबून चौकोनात बसवतो, आणि कॉम्प्युटरला सांगितल्याशिवाय ते उलगडत नाही. मी सगळ्यात आधी तुम्हालाच टिपलं होतं, हार घेऊन उभे होतात. दुकानात येऊन लावलं तर तुम्ही कॉम्प्युटरवर उंच, बारीक, गालफडं बसलेले! मी घाबरले. तुम्ही म्हणालात, "आयला, हा तं मी कॉलेजातला! राहू द्या, सुनंदाबाई, याले हात नका लावू." आणि ती क्लिप तुम्ही तशीच ठेवली. दुसऱ्यांना दोन्ही अंगांनी फुगवलंत, स्वतःला मात्र बारीक ठेवलंत.

सगळ्या जन्मात तुमचं हलतं चित्र तेवढं एकच. कॅमेऱ्यामागच्या माणसाला कोण टिपतं?

पुण्यानुमोदनाला प्रशांतने तीच लावली. तुमचा मुलगा ऊर्जानगरवरून मोठा टीव्ही घेऊन आला, लॅपटॉप जोडला आणि त्रिशरण-पंचशील झाल्यावर ती क्लिप सुरू केली. विहारात सगळे पाहत होते. पडद्यावर कुणी उंच, लांब मानेचा माणूस हार घेऊन उभा होता. मागे बसलेली एक बाई हळूच म्हणाली, "किती वाळले होते शेवटी." शेवटी? ते वीस वर्षांपूर्वीचं होतं आणि तुम्ही तेव्हा पोटामुळे बेल्ट लावत नव्हता.

मी उठले. प्रशांत कुजबुजला, "आत्या, राहू द्या ना. बाबा चांगले दिसून राह्यले. त्यायलेच तशी आवडत होती ते."

"मले माहीत आहे कोनाले काय आवडत होतं. सरक."

'ए' दाबलं. एकदाच दाबावं लागलं. चित्र उलगडलं आणि तुमचं पोट परत आलं, भाऊ. खांदे आले, गाल आले, शर्टाची ताणलेली बटणं आली. लोक हसले. विहारात, तुमच्या पुण्यानुमोदनाला, मोठ्याने हसले. वहिनी इतके दिवस भिंतीला टेकून बसली होती, ती पुढे सरकली आणि म्हणाली, "हां. आता आले."

आणि गंमत पाहा. ते चित्र मुळातच लांबट असल्याने, नीट केल्यावर टीव्हीच्या चारही कडांपर्यंत बसलं. ना ओढलं, ना कापलं. तुमच्या नशिबी पट्टी नव्हती. म्हणून तुम्ही जिंकलात असं समजू नका.

आता एक गोष्ट राहिली, जी मला नीट बोलता येत नाही, तरी बोलते. तुम्ही जायच्या चार दिवस आधी माझ्या घरी आला होतात. भर दुपारी, गमछा डोक्याला बांधून. खुर्चीवर बसलात. मी चहा ठेवला. मला वाटलं, डिस्क मागतील, आणि मी नाही म्हणायला तयार होते. सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. तुम्ही चहा प्यालात, म्हणालात, "ऊन लय वाढलं, बाई." मी म्हटलं, "हो." तुम्ही थोडं बसलात आणि निघालात. फाटकाशी एकदा थांबलात. मी काही विचारलं नाही.

तुम्ही डिस्क मागायला आला होतात, की माझं बरोबर होतं हे सांगायला, हे मला कधीच कळणार नाही. घरचे म्हणतात, सांगायलाच आले असतील, तसं मान आणि मोकळी हो. मी नाही मानणार. तुम्ही जे बोलला नाहीत ते मी माझ्या सोयीने तुमच्या तोंडात घालणार नाही. मेलेल्या माणसाला ओढायचंही नाही आणि कापायचंही नाही. तुम्ही ऊन वाढलं म्हणालात. तेवढंच म्हणालात. तेवढंच राहील. आणि मी विचारलं नाही, ही चूक माझी. ती मी तुमच्यावर ढकलत नाही.

प्रशांत म्हणाला, दुकान बंद करू, जुन्या फाइली कोण पाहतं. मी त्याला किल्ली दिली नाही. डिस्कची दुसरी प्रत केली, एक दुकानात, एक माझ्याकडे. उरलेली लग्नं आहेत त्या आकारातच राहतील. राहता राहिली ती अडतीस. आपल्याकडे त्यांची डोकी नाहीत, पण त्या वेळी आपण प्रत्येक घरी सीडी दिली होती. तीत चित्र पूर्ण होतं. म्हणून यादी समोर घेतली आणि फोन लावत बसले.

सात घरांनी सीडी फेकली होती, तरी नातेवाइकांकडे शोधून सांगतो म्हणाले. दोघांनी फोनच उचलला नाही. दहावा फोन आरमोरीच्या पुढच्या एका खेड्यात लागला, नवरीच्या काकूंनी उचलला.

"सीडी? हाये ना जी. मिरचीच्या वाडीत टांगली हाये."

"वाडीत?"

"पाखराईसाठी. चमकते ना ते. पोपट जवळ येत नाई."

दुसऱ्या दिवशी बसने गेले. वाडीत दोऱ्यांना चार सीड्या लोंबत होत्या, उन्हाने त्यांच्यावरची शाई पार उडालेली. कोणती लग्नाची ते काकूंनाही सांगता येईना. मी चारही सोडवून घेतल्या.

"अन् आता पाखराईले काय दाखवू मी?" त्या म्हणाल्या.

मी पिशवीतून दुकानातल्या चार कोऱ्या सीड्या काढून दिल्या. त्या म्हणाल्या, "ह्या जास्त चमकते," आणि लगेच बांधायला गेल्या.

घुग्घुसला येऊन चारही साबणाच्या पाण्यात धुतल्या, मऊ कापडाने मधून कडेकडे पुसल्या. पहिल्या दोन्हींत सिनेमा. तिसरी चाललीच नाही. चौथीत मांडव दिसला. जागोजागी अडकत होती, हळद पूर्ण गेली, वरात अर्धी गेली. ग्रुप फोटोपाशी आली आणि सरळ चालली. तुमच्या कापलेल्या फाइलीत त्या जागी मागे सात धडं आहेत. सीडीत सात माणसं आहेत.

डावीकडून तिसरी बाई हातात भाताचा झारा तसाच घेऊन उभी होती. मी तिथे चित्र थांबवलं आणि फोन लावला.

"काकू, तुम्ही दिसता."

"मी?" त्या म्हणाल्या. "मी तं मांगं उभी होती."

"हो. मागेच उभ्या आहात. पूर्ण दिसता."

मग त्यांनी विचारलं, "झारा दिसते का हातात?"

म्हटलं, दिसतो.

आता सदतीस राहिली, भाऊ.